बाईंचा समुद्र

"पण चंद्रावर पाणी नाही, हे माणसं जाऊन बघून आलीत की," सरपंच यमुनाबाई औटी म्हणाल्या.

"हा आपला चंद्र नाही," मी म्हणाले. "दुसऱ्या ग्रहाचा आहे."

"त्याला किती आहेत?"

"पुष्कळ."

"मग त्यातला एखादा कोरडा निघाला तर काय बिघडलं?"

ग्रामपंचायतीच्या पडवीत बसलेली माणसं हसली. माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या पोंक्षेबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "बिघडणार काहीच नाही. फक्त माझं म्हणणं चुकीचं ठरेल."

"असं होय," यमुनाबाई म्हणाल्या. "मग ठेवू की बंद."

अशा रीतीने कातरवाडीचा ठराव झाला. येत्या गुरुवारी दुपारी गावात गिरणी, वेल्डिंग, मोटरी, मिक्सर आणि मारुतीच्या देवळावरचा कर्णा बंद राहणार होता. कर्ण्याचा आम्हाला काही त्रास नव्हता. पण सगळंच बंद तर तोही बंद, असं पुजाऱ्याचं म्हणणं पडलं आणि कोणी हरकत घेतली नाही.

आमची रेडिओ वेधशाळा कातरवाडीच्या माळावर होती. मोबाइल अजून तिकडे पोचले नव्हते, त्या काळातली ही गोष्ट. मी नुकतीच इंजिनियर म्हणून लागले होते आणि गावाशी बोलायचं काम बाईंनी माझ्याकडे दिलं होतं. "चौगुले, तू खेड्यातली आहेस, तुझं ऐकतील," त्या म्हणाल्या होत्या. मी गडहिंग्लजची. वडिलांचं भर पेठेत चष्म्याचं दुकान. म्हैस मी रस्त्यातूनच काय ती बघितलेली. पण बाईंच्या लेखी पुणे आणि खेडी एवढ्या दोनच जागा होत्या.

डॉ. शरयू पोंक्षे तेव्हा निवृत्तीला आल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. एका परग्रहाच्या एका चंद्राच्या पोटात, बर्फाच्या कवचाखाली, समुद्र आहे असं त्यांनी तरुणपणी गणिताने मांडलं होतं आणि त्यानंतर आयुष्यभर त्या तेच मांडत आल्या होत्या. वेधशाळेत आम्ही त्याला 'बाईंचा चंद्र' म्हणायचो. पाहुण्यांनाही तसंच सांगायचो. एकदा एक मंत्री बाईंना विचारून गेले, की तो तुम्ही शोधलात का. बाई म्हणाल्या, "नाही. मी फक्त त्याच्यात पाणी भरलं."

ते पाणी काढून घेणारा एकच माणूस जगात होता, नॉर्वेचे डॉ. आर्ने हाल्वोर्सन. त्यांच्या गणिताप्रमाणे तो चंद्र आतपर्यंत गोठलेला होता. बर्फ आणि दगड, बाकी काही नाही. दोघं वीसेक वर्षं एकमेकांना खोडून काढत होते आणि दर नव्या वर्षाला एकमेकांना शुभेच्छांचं कार्ड पाठवत होते.

आता निकाल लागायची वेळ आली होती. एक यान त्या ग्रहाभोवती फिरत होतं. यान एकसारखा एक रेडिओ सूर पाठवतं. चंद्राजवळून जाताना चंद्र त्याला ओढतो, यानाचा वेग बदलतो आणि सूर किंचित चढतो किंवा उतरतो. त्या चढउतारावरून चंद्राच्या पोटात काय आहे ते काढता येतं. यान एकदा त्या चंद्राजवळून गेलं होतं, तेव्हा चंद्र ग्रहाच्या जवळ होता. आता दुसऱ्यांदा जाणार होतं, चंद्र लांब असताना. आत पाणी असेल तर ग्रहाच्या ओढीने चंद्राचं पोट कमीजास्त फुगायला हवं. घट्ट असेल तर फारसा फरक पडणार नाही. दोन्ही वेळचे सूर शेजारी ठेवले की झालं. तिसरी वेळ येणार नव्हती, यानाचं इंधन संपत आलं होतं.

अडचण एवढीच, की यानाची मोठी छत्री अवकाशात गेल्यावर उघडलीच नव्हती. ते एका छोट्या अँटेनावरून कुजबुजल्यासारखं बोलायचं. आणि त्या दुपारी पृथ्वीची जी बाजू त्या ग्रहाकडे असणार होती, त्या बाजूला एवढी कुजबुज ऐकू शकेल असा कान आमचाच होता. त्या कानापासून हाकेच्या अंतरावर इस्माईल मुलाणींचं वेल्डिंगचं दुकान होतं.

हाल्वोर्सन दोन दिवस आधी आले. साडेसहा फूट उंच, गुलाबी, घामाने डबडबलेले. बाई त्यांना घ्यायला फाटकापर्यंत गेल्या. इतक्या वर्षांत दोघं समोरासमोर फारच थोड्या वेळा भेटले असावेत. हाल्वोर्सन वाकून म्हणाले, "डॉक्टर, मी तुमचा समुद्र आटवायला आलोय." बाई म्हणाल्या, "आधी जेवून घ्या." मेसमध्ये त्यांनी ठेचा खाल्ला आणि बराच वेळ कोणाशी बोलले नाहीत.

गुरुवारी जेवणं झाल्यावर बाईंनी मला बोलावलं. "तू मुलाणींच्या दुकानात जाऊन बस."

"ते करणार नाहीत, बाई. शब्द दिलाय त्यांनी."

"ते नाही करणार. गिऱ्हाईक करायला लावेल. तू बस."

मला कंट्रोल रूममध्ये थांबायचं होतं. वीस वर्षांच्या भांडणाचा निकाल लागताना मी लोखंडी खिडक्यांच्या ढिगात बसणार, हे मला आवडलं नव्हतं. पण बाईंना नाही म्हणायची पद्धत नव्हती.

मुलाणी दुकानाबाहेर स्टुलावर बसले होते. चाळिशीतला माणूस, शांत, वेल्डिंगने डोळे कायम लालसर. मला दुसरं स्टूल दिलं, चहा सांगितला. गाव खरोखरच गप्प होतं. गिरणीच्या पट्ट्याचा आवाज नाही, विहिरींवरच्या मोटरी नाहीत. कोंबड्यांचा तेवढा आवाज होता आणि त्यांच्याबद्दल ठरावात काही नव्हतं.

"किती लांब आहे ते यान?" मुलाणींनी विचारलं.

"तिथून निघालेला सूर इथे पोचायला तासापेक्षा जास्त लागतो."

मुलाणींनी विचार केला. "म्हणजे तिकडं जे व्हायचं ते आधीच झालंय?"

"झालंय."

"आणि आम्ही गप बसलोय ते झालेलं ऐकायला."

"हो."

"मयताच्या बातमीगत," ते म्हणाले. "माणूस आदल्या दिवशीच गेलेला असतो, पण तार येईस्तोवर घरात स्वयंपाक चाललेला असतो." मग जरा वेळाने, "पण सुरावरनं वेग कसा कळतो?"

"एसटी हॉर्न वाजवत समोरून गेली, की आवाज बदलतो ना?"

"बदलतो की. येताना बारीक, गेली की जाड."

"तसंच."

"हां," ते म्हणाले. "मग यवढं काय अवघड नाही."

यान चंद्राच्या अगदी जवळून गेलं तेव्हाचा सूर इथे पोचायची घटका भरत आली होती, तेवढ्यात वरच्या आळीतून एक माणूस पळत आला. पायात चप्पल नाही, सदऱ्यावर कडब्याचा भुगा. हा गोविंद भोर. नाव मला मुलाणींनी नंतर सांगितलं. त्या क्षणी तो नुसताच कोणीतरी पळत आलेला माणूस होता.

"इस्माईलभाई, चला. अलकीचा हात कुट्टीत गेला."

मुलाणी उठले. "मोटर चालू होती?"

"न्हाई हो. आज बंद ना मोटरी. मी हातानं चाक फिरवत होतो, ती कडबा सारत होती. रोलरात गेला हात. उलटा फिरवाया गेलो तर वरडली. दात रुतलेत."

गोठा जवळच होता. मुलाणींनी पाने, पहार आणि ग्राइंडर घेतला. गॅस कटरने काम लवकर झालं असतं, पण सिलिंडर भरायला तालुक्याला गेला होता. मी त्यांच्या मागे गेले. नुसतं दुकानात बसायचं कसं, ते मला सुचलं नाही.

गोविंदची बायको अलका कडबाकुट्टीच्या यंत्राशेजारी पाटावर बसली होती. माझ्याच वयाची असेल. उजवा हात मनगटापर्यंत दोन दातेरी रोलरांच्या मध्ये. पुढचं पातं बोटांपासून थोडक्यात राहिलं होतं. रक्त फार दिसत नव्हतं, त्याचीच जास्त भीती वाटत होती. तिची सासू तिला मागून धरून बसली होती. मुलाणींनी बोल्टना पाना लावून बघितला. बोल्ट गंजून एक झाले होते. पहार घालून रोलर उचलायचा प्रयत्न केला, तशी अलका ओरडली आणि त्यांनी पहार टाकून दिली.

"शाफ्ट कापाय लागंल," ते म्हणाले.

भिंतीवरच्या बोर्डात त्यांनी ग्राइंडरची पिन घातली. कापायचं चाक शाफ्टजवळ नेलं. बटणावर बोट ठेवलं. आणि थांबून माझ्याकडे बघितलं.

"ताई," ते म्हणाले.

गोठ्यात पंधरा-वीस माणसं जमली होती. यमुनाबाईही आल्या होत्या. सगळी माझ्याकडे बघायला लागली. ग्राइंडर किती वाईट असतो ते त्यांना मीच पंचायतीत समजावून सांगितलं होतं. त्याच्या मोटरीत ठिणग्या उडतात आणि त्या ठिणग्या आमच्या कानात वेल्डिंगइतक्याच मोठ्याने वाजतात. गावाने शब्द दिला होता. तो आता मोडू का, एवढंच ते विचारत होते.

अलकानेही माझ्याकडे बघितलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"झालं का तुमचं?" तिने विचारलं. "थोडं राहिलं आसंल तर थांबते मी."

मी घड्याळाकडे बघितलं. बघायचं काही कारण नव्हतं. वर काय चाललंय ते मला घड्याळाशिवाय माहीत होतं. सूर वळत होता. जे काही कळायचं ते आत्ता, याच वेळात कळणार होतं.

"चालू करा," मी म्हणाले.

मुलाणींनी बटण दाबलं.

शाफ्ट जाड होता. एक म्हातारी कळशीतून पाणी ओतत राहिली, लोखंड तापून हात भाजू नये म्हणून. ठिणग्या अलकाच्या तोंडावर येऊ नयेत म्हणून मी तिच्यासमोर गोणपाट धरून उभी राहिले. मुलाणी मध्ये दोनदा थांबले, चाक बदललं, परत सुरू केलं. अलका सुरुवातीला ओरडत होती. मग ओरडायची थांबली आणि गोविंद तिला नावाने हाका मारायला लागला. शेवटी शाफ्ट तुटला, चौघांनी वरचा रोलर उचलला आणि हात बाहेर आला. मी तो बघितला नाही. सासूने आपला पदर फाडून त्याला गुंडाळला.

"दवाखान्यात न्यायला पायजे," यमुनाबाई म्हणाल्या. "ट्रॅक्टर काढा."

"ट्रॅक्टरनं अंधार पडंल," मुलाणी म्हणाले. "ताई, तुमची जीप."

जीप आणायला त्यांनी मला त्यांची दुचाकी दिली, एम-एटी. मी त्याआधी एम-एटी चालवली नव्हती. वेधशाळेच्या फाटकावर पहारेकऱ्याने आडवा हात घातला. आमच्या आवारात पेट्रोलच्या गाड्यांना कायमची बंदी होती, त्यांच्याही ठिणग्या असतात.

"मॅडम, पेट्रोल गाडी आत नाही."

"आज चालते," मी म्हणाले.

कंट्रोल रूममध्ये बाई आणि हाल्वोर्सन पडद्यासमोर उभे होते. पडद्यावर एक बारीक रेघ हळूहळू वाकत आली होती आणि जिथे वळण सुरू व्हायला हवं, तिथून पुढे नुसता पांढरा धुरळा होता. धुरळ्याच्या पलीकडे रेघ परत दिसत होती, व्यवस्थित, काही झालंच नाही अशी.

"कोण होतं?" बाईंनी न वळता विचारलं.

"मुलाणी. मी सांगितलं त्यांना."

बाई वळल्या. मी एका दमात सांगितलं. अलका भोर, कडबाकुट्टी, हात, शाफ्ट. ती थांबते म्हणाली होती, तेवढं नाही सांगितलं.

"हात आहे?"

"आहे. कसा आहे माहीत नाही. जीप पाहिजे."

"मग इथे उभी काय राहिलीस?" बाई म्हणाल्या आणि खुर्चीवरची पिशवी उचलून स्वतःच दाराकडे निघाल्या. जाता जाता हाल्वोर्सनना त्यांनी दोन वाक्यांत इंग्रजीत सांगितलं. हाल्वोर्सननी पडद्याकडे एकदा बघितलं, भिंतीवरची औषधांची पेटी काढली आणि बाईंच्या मागून आले.

जीपमध्ये मागच्या बाजूला समोरासमोर बाकं होती. एका बाकावर अलकाला आडवं केलं, डोकं बाईंच्या मांडीवर. खाली पायाशी गोविंद. हात वर धरून ठेवायला हवा होता, म्हणजे रक्त कमी जातं. ते काम हाल्वोर्सनांकडे आलं, कारण त्यांचे हात सगळ्यांत लांब होते. तालुक्यापर्यंतचा रस्ता खड्ड्यांचा. तो माणूस वाकून, डोकं छताला आपटत, सगळा रस्ता एका अनोळखी बाईचं कोपर दोन्ही हातांनी धरून उभा होता. बसा म्हटलं तरी बसला नाही. बहुधा त्याला भाषा कळली नसावी.

मध्येच अलकाने डोळे उघडले. वर बाईंचा चेहरा.

"तुमचं काम बुडालं म्हणत्यात," ती म्हणाली.

"बुडायला आधी पाणी लागतं," बाई म्हणाल्या. "ते आहे की नाही तेच कळलं नाही. तू गप पड."

अलका गप पडली नाही. "मी थांबते म्हणले होते त्यांना," तिने डोळ्यांनी मला दाखवलं. "त्या नको म्हणल्या."

बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"हे तू मला सांगितलं नाहीस, चौगुले."

"नाही."

"बरं केलंस," बाई म्हणाल्या. "मी विचारात पडले असते."

डॉक्टरांनी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढलं. बाकी हात राहिला. बाहेर येऊन ते म्हणाले, "मोटरवर असती तर कोपरापासून गेला असता. हाताने का फिरवत होते?" गोविंदने आमच्याकडे बघितलं. मोटर बंद नसती तर घाईघाईने हाताने कडबा कुटायची वेळ त्यांच्यावर आली नसती, हे मला कळत होतं. मोटर चालू असती तर हात गेला असता, हेही कळत होतं. दोन्ही एकदम कळून उपयोग काही होत नव्हता.

व्हरांड्यात एका लाकडी बाकावर बाई आणि हाल्वोर्सन शेजारी शेजारी बसले होते. हाल्वोर्सनांच्या पांढऱ्या शर्टाची एक बाही तांबडी झाली होती. मी दोघांना चहा आणून दिला.

"तर मग," हाल्वोर्सन म्हणाले, "समुद्र तुमच्याकडेच राहिला."

"तुमचा दगडही तुम्ही घेऊन जा," बाई म्हणाल्या.

मग दोघं हसायला लागले. आधी हळू, मग इतके, की नर्स बाहेर येऊन ओरडून गेली. मी तेव्हा हसले नाही. मला वाटत होतं, बाईंच्या आयुष्यातली एकमेव गोष्ट मी आज एका बटणावर संपवली आणि त्या माझ्यासमोर हसून दाखवताहेत.

पुढे त्या दोघांनी मिळून शोधनिबंध लिहिला. धुरळ्याच्या अलीकडची आणि पलीकडची रेघ जोडून बघितली. बाईंनी जोडली तर पाणी निघायचं आणि हाल्वोर्सननी जोडली तर निघायचं नाही. शेवटी दोघांनी खाली लिहिलं, की या निरीक्षणावरून प्रश्नाचा निकाल लागत नाही. मध्ये धुरळा का आला, त्याचं कारण 'स्थानिक' असं दिलं. दुसऱ्या वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि साताऱ्याला भावाच्या शेजारी फ्लॅट घेऊन राहिल्या. मला त्या कधीच काही बोलल्या नाहीत. समारंभात भाषणं झाली, त्यात प्रत्येकाने त्यांच्या त्यागाचा उल्लेख केला. बाई ते ऐकताना घड्याळ बघत होत्या.

मीही तसंच धरून चालले होते. कोणी नव्या मुलांना ती हकिकत सांगायला लागलं, की मी मान खाली घालायचे. बाईंनी समुद्र सोडला, हात वाचवला. आणि बटण मी दाबायला लावलं.

दुसरं यान तिकडे पोचायला वीसेक वर्षं गेली. याची छत्री नीट उघडली. रेडिओवरून गुरुत्व मोजणाऱ्या गटात मी होते आणि शेवटी शेवटी त्याची प्रमुखही झाले. यान बाईंच्या चंद्राजवळून एकदा नाही, अनेकदा गेलं. आम्ही सूर शेजारी शेजारी ठेवले. पुन्हा ठेवले. तीन वेगळ्या माणसांकडून तीन वेगळ्या पद्धतींनी करून घेतले. मग मी साताऱ्याची गाडी पकडली.

बाई ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या. चालताना काठी होती, बाकी फरक नव्हता. मला बघून म्हणाल्या, "फोनवर सांगितलं नाहीस, म्हणजे कोरडा आहे."

"कोरडा आहे, बाई."

"किती खात्रीने?"

मी आकडे सांगितले. त्यांनी कागद मागितला, पेन्सिल मागितली, स्वतः थोडं करून बघितलं. दोन-तीन प्रश्न विचारले. तिसरा प्रश्न अवघड होता, पण त्याचंही उत्तर आमच्याकडे होतं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"छान काम केलंय," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्या दिवशी ग्राइंडर लागला नसता, तर मी निवृत्त व्हायच्या आधीच खोटी ठरले असते."

"हो."

"आणि ती मंडळी भाषणात काय काय बोलत होती." त्या जराशा हसल्या. "वीस वर्षं फुकटचा समुद्र मिळाला मला, चौगुले. तुझ्यामुळे."

इतकी वर्षं मी जे घेऊन फिरत होते, ते त्यांनी दोन वाक्यांत खाली काढून ठेवलं होतं. डोळ्यांत पाणी आलं, त्याकडे बाईंनी दुर्लक्ष केलं. त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"हाल्वोर्सनला कळवलंस?"

"बाई, ते गेले. तीन वर्षं झाली."

खाली रस्त्यावर कोणीतरी भंगार मागत गेलं.

"कार्ड यायचं थांबलं तेव्हा मला वाटलं, कंटाळला," त्या म्हणाल्या. मग, "म्हणजे नुकसान त्याचं झालं."

"बाई..."

"अगं, खरं तेच बोलतेय. बरोबर तो होता. त्या दुपारी त्याला ते कळायचं होतं. तो इतकी वर्षं 'निकाल लागत नाही' घेऊन बसला आणि तसाच गेला. आणि आपण सगळे माझं कौतुक करत बसलो." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तो जीपमध्ये बसलासुद्धा नाही गं. उभा राहिला सगळा रस्ता."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"त्याची बायको आहे ना? काय तिचं नाव?"

"इंगेबोर्ग."

"नंबर आहे तुझ्याकडे?"

नंबर होता. मी म्हणाले, मी नंतर कळवते, आम्ही गटाकडून रीतसर कळवणारच आहोत. बाईंनी हात पुढे केला. मी माझ्या मोबाइलवरून नंबर लावून दिला.

पलीकडे कोणीतरी उचलला. बाई खुर्चीत ताठ बसल्या आणि त्यांच्या जुन्या, घोटलेल्या इंग्रजीत बोलू लागल्या. आपलं नाव सांगितलं. पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकू आलं, बाई नुसत्या हं हं करत होत्या. मग त्या म्हणाल्या, "मॅडम, मी एवढंच सांगायला फोन केला, की तुमचे यजमान बरोबर होते आणि मी चूक होते. ते आता सिद्ध झालं आहे. शंका उरलेली नाही." शेवटचं वाक्य त्यांनी सावकाश पुन्हा म्हटलं.

पलीकडून उत्तर आलं. लहानसंच. बाईंनी आभार मानले, फोन माझ्याकडे दिला आणि चष्मा लावला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, यात नवीन काय. तो हे मला रोज जेवताना सांगायचा."